‘खेळता खेळता’ या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे

मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षातून अनेकदा छापून येते. गाव बदलतं, मुलाचं वय बदलतं, वाक्य तेच राहतं : ‘खेळता खेळता पाण्याच्या टाकीत पडून चिमुकल्याचा मृत्यू’. खाली चार-सहा ओळी. आई स्वयंपाक करत होती, आजीचा डोळा लागला होता, ‘सर्वांची नजर चुकवून’ मूल तिकडे गेलं. शेवटी पोलिसांनी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद केलेली असते आणि परिसरात हळहळ व्यक्त होत असते.

वर्षा-सव्वा वर्षाचं मूल कुणाची नजर चुकवत नाही. नजर नावाची गोष्ट असते हेच त्याला माहीत नसतं. ते रांगत जातं, समोर चमकणारं पाणी दिसलं की धरून उभं राहतं आणि वाकतं. त्या बातमीत टाकीला झाकण का नव्हतं, मोरीच्या दाराला वर कडी का नव्हती, एका बाईच्या अंगावर किती मुलं होती, यातलं काही नसतं. ‘खेळता खेळता’ म्हटलं की सगळा दोष खेळावर जातो आणि बाकीचे मोकळे होतात.

माझ्या मुलीची अशी बातमी होता होता राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

पाण्याचा दिवस

मी मोशीत राहते आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की सहाला बस पकडावी लागते. मुलगी चौदा महिन्यांची होती तेव्हा तिला शेजारच्या विंगमधल्या काकूंकडे ठेवायचे. वन बीएचके फ्लॅट, सात मुलं, काकू एकट्या. त्यांच्या दारावर पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. आमच्या भागात ‘पाळणाघर’ म्हणतात ते बहुतेक हेच असतं : एक बाई, तिचं घर आणि शब्दावर चाललेला व्यवहार.

त्या दिवशी पाणी येणार होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येतं. पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी नळ चोवीस तास वाहतो त्यांना सांगून कळणार नाही. पिंप भरायचं, बादल्या भरायच्या, पातेली भरायची, उद्याचं आजच साठवायचं. काकूंनी मोरीत वीस लिटरची रंगाची बादली नळाखाली लावली होती. रंगकाम झालं की उरते ती पांढरी, सरळ भिंतीची बादली. आपल्याकडे ती कुणी फेकत नाही. तेवढ्यात गॅस सिलिंडरवाल्यानं बेल वाजवली. काकू दारात गेल्या. पैसे, सही, रिकामं सिलिंडर ओढून देणं, एवढाच वेळ.

माझी मुलगी बादलीची कड धरून उभी होती आणि डोकं आत घालत होती. चार वर्षांचा एक मुलगा ओरडला, “काकू, ही पाणी बघतेय.”

एवढंच झालं. केस ओले झाले होते, नाकातोंडात थोडं पाणी गेलं होतं. काकूंनी उचललं, पुसलं, उराशी धरलं. संध्याकाळी त्यांनीच मला सांगितलं. लपवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं. सांगताना त्यांचे हात थरथरत होते. मी त्यांना नको ते बोलले. सात मुलांच्या देखत बोलले. घरी आले आणि आमच्या बाथरूममध्ये पाहिलं : तीन भरलेल्या बादल्या, बिनझाकणाचं एक पिंप, दाराची कडी माझ्या गुडघ्याच्या उंचीला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी मुलीला परत त्यांच्याकडेच सोडलं. दुसरी सोय नव्हती. आदल्या संध्याकाळच्या माझ्या रागाची किंमत तेवढीच होती.

बादली काय करते

आपल्याला तलावाची भीती वाटते. स्विमिंग पूलची वाटते. मोशी, रावेत, पुनावळे, वाकड या पट्ट्यातल्या प्रत्येक नव्या सोसायटीच्या जाहिरातीत एक निळा पूल असतो आणि त्याच्या कडेला ‘लहान मुलांना एकटं सोडू नये’ अशी पाटी असते. पाटी तरी असते. बादलीवर काहीच लिहिलेलं नसतं.

अमेरिकेत पाच गॅलनच्या बादल्यांवर मूल डोक्यावर आत पडताना दाखवणारं चित्र आणि इशारा छापलेला असतो. पाच गॅलन म्हणजे साधारण एकोणीस लिटर, म्हणजे आपली रंगाची बादलीच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे अशा बादल्यांत बुडून मेलेल्या बाळांची नोंद ग्राहक सुरक्षा आयोगानं ठेवली. बहुतेक बाळं आठ महिने ते सव्वा वर्ष या वयाची होती. कारण साधं आहे. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि हातांत स्वतःला वर ढकलायचं बळ नसतं. बादली मुलाच्या पोटाइतकी उंच असते. मूल वाकलं की तोल डोक्याकडे जातो. रिकामी बादली मुलासकट कलंडते, भरलेली कलंडत नाही. पाण्याचं वजनच मुलाला आत धरून ठेवतं. बादली काठोकाठ भरलेली असायचीही गरज नाही. नाक-तोंड झाकलं जाईल एवढं, दोन-तीन इंच पाणीसुद्धा बाळाला पुरतं.

आणि आवाज येत नाही. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे सिनेमातलं. तोंडात पाणी गेलेल्या मुलाला ओरडायला श्वास नसतो. त्यामुळे “मी इथेच तर होते, काही ऐकू कसं आलं नाही?” हा आईचा प्रश्न खराच असतो. ऐकू येण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळपास पाव पाच वर्षांखालची मुलं होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत बुडून झालेले मृत्यू ३८ हजारांहून अधिक आहेत. ही पोलिसांपर्यंत पोहोचलेली नोंद. मोरीत गेलेलं प्रत्येक मूल पोलीस ठाण्याच्या वहीत चढतं, असं मी तरी मानत नाही.

प्रिन्स टीव्हीवर होता

जुलै २००६मध्ये हरियाणात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा बोअरवेलमध्ये पडला. त्याच्या सुटकेचं दोन दिवस थेट प्रक्षेपण झालं, सैन्य आलं, देशभर प्रार्थना झाल्या, मुलगा जिवंत बाहेर आला. पुढे अशा घटना होत राहिल्या आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उघड्या बोअरवेलबद्दल देशभरासाठी नियम घालून दिले. कुंपण घाला, झाकण लावा, काम संपलं की बुजवा.

बोअरवेलच्या तोंडाशी कॅमेरा लावता येतो, कारण आत मूल जिवंत असतं आणि तासन्‌तास वाट बघता येते. बादलीत वाट बघायला काही उरत नाही. तीन-चार मिनिटांत सगळं संपतं. म्हणून बादलीतल्या मुलासाठी देश जागा राहत नाही, न्यायालयात याचिका जात नाही आणि झाकणाचा नियम होत नाही.

आमच्या पट्ट्यात पाण्याचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. पवना धरणातून शहराला बंद जलवाहिनीनं पाणी आणण्याच्या योजनेवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तीन जीव गेले. रावेतचा बंधारा, निघोज्याहून उचललं जाणारं आंद्रा धरणाचं पाणी, भामा आसखेड, टँकर, मीटर, पाणीपट्टी, या प्रत्येकावर सभागृहात तास रंगतात. पण एकदा का पाणी नळातून बादलीत पडलं की ते आमचं खाजगी पाणी होतं. त्यात मूल बुडालं तर ते आमचं खाजगी दुर्दैव. हे मला मान्य नाही. शहर दिवसाआड पाणी देतं म्हणून घराघरात पाणी साठतं. साठवायला तुम्ही लावता, तर साठवणीतला धोकाही तुमच्या हिशेबात यायला हवा.

‘आई घरी असती तर...’

काकूंकडची गोष्ट मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिली होती. भरलेल्या बादल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. पहिलं उत्तर आलं, “म्हणूनच आम्ही आमची मुलं दुसऱ्यांच्या भरवशावर ठेवत नाही.” त्याला अकरा अंगठे. दुसरं उत्तर : “असली बेकायदा पाळणाघरं आधी बंद करा.” त्याला त्याहून जास्त.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींनी मुलांचे जीव जातील.

पहिलं आधी. आई घरी असल्यानं मूल आपोआप वाचत नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा बांगलादेशात आहे. तिथे घरामागे तळी असतात आणि एक ते चार वर्षांची मुलं फार मोठ्या संख्येनं बुडतात. संशोधकांनी वेळा तपासल्या, तेव्हा दिसलं की बहुतेक मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घरापासून काही पावलांवर बुडत होती. आई घरातच होती. चूल, धुणं, गुरं, दुसरं बाळ, यांत अडकलेली होती. एक माणूस एका वेळी दहा कामं करत असेल तर मुलावर लक्ष ठेवणं हे अकरावं काम असतं.

मग त्यांनी काय केलं? आयांना उपदेश केला नाही. गावातल्याच एका बाईच्या घरात पाळणाघर काढलं. नाव ठेवलं ‘आंचल’, म्हणजे आपला पदर. सकाळी नऊ ते एक, आठवड्यातून सहा दिवस, गावातली एक ते पाच वर्षांची मुलं, प्रशिक्षण घेतलेली एक बाई आणि मदतीला आणखी एक. या प्रयोगाचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. आंचलमध्ये जाणाऱ्या मुलांत बुडण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. २०२२मध्ये बांगलादेश सरकारनं अशी ८ हजार केंद्रं काढण्याचा प्रकल्प मंजूर केला. जागतिक आरोग्य संघटना बुडणं टाळण्याचे जे मोजके उपाय सुचवते, त्यांत पाण्याभोवती अडथळे उभारणं आहे, पोहायला शिकवणं आहे आणि लहान मुलांसाठी देखरेखीची जागा, म्हणजे पाळणाघर, हेही आहे.

म्हणजे ज्याला आमचा ग्रुप रोग समजतो, ते औषध आहे. अट एकच, औषध नीट बनवलेलं हवं. आमचं औषध एका बाईनं सात मुलं आणि चार बादल्या सांभाळत, कुणाच्याही मदतीशिवाय बनवलेलं आहे.

बंद केली तर मुलं कुठे जातील?

आता दुसरं उत्तर. ‘बेकायदा’ पाळणाघरं बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी नाणेकरवाडी, खराबवाडी किंवा महाळुंग्यात चक्कर मारावी. रांगेनं बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, प्रत्येक दारात एक निळं पिंप, सामाईक संडास, सामाईक टाकी. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेली जोडपी. नवरा एका शिफ्टला, बायको दुसऱ्या. दोघांच्या शिफ्ट एकमेकींवर येतात त्या दोन तासांत मूल शेजारणीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिथलं पाळणाघर बंद करा, मुलं हवेत विरून जाणार नाहीत. ती त्या पिंपापाशीच असतील. फक्त काकू नसेल.

लेबर कॅम्पांची गोष्ट त्याहून वाईट. ऑक्टोबर २०२४मध्ये भोसरीच्या सद्गुरूनगरात कामगारांच्या वस्तीतली पाण्याची टाकी कोसळली आणि तिथे असलेले कामगार तिच्याखाली चिरडून मेले. मोठ्या माणसांचा भार जिथे टाकी बांधताना धरलेला नसतो, तिथे दोन वर्षांच्या मुलाचा विचार करून हौदाला झाकण कोण लावणार?

कायदा मात्र जुना आहे. १९४८च्या कारखाना कायद्यानं तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या साइटवर. २०१७मध्ये मातृत्व लाभ कायदा दुरुस्त झाला आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर द्यावं लागेल, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावं लागेल, असं ठरलं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे.

चार वेळा! माझी मुलगी मोशीत आणि मी चाकणमध्ये. नाशिक हायवेची कोंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना ही मुभा विनोद वाटेल. भेट घडायची तर पाळणाघर कामाच्या जागी हवं. माझ्या आधीच्या कंपनीत ते होतं. एका खोलीच्या दारावर तसं लिहिलेलं होतं. आत रिजेक्ट मालाचे क्रेट रचलेले असायचे. ऑडिटच्या आदल्या दिवशी क्रेट हलायचे आणि दोन टेडी बेअर यायचे. कुणी मूल आणत नाही म्हणून खोली वापरात नाही, असं सांगितलं जायचं. क्रेटवर झोपवायला मूल कोण आणणार? आणि जिथे पन्नासची अट आहे तिथे कंत्राटदारांच्या नावावर माणसं वाटली की प्रत्येकाच्या हजेरीपटावर पन्नासच्या आत माणसं दाखवता येतात. चाकणमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग जे काम कारखान्यानं करायचं, सरकारनं करायचं, ते वन बीएचकेमधली काकू करते. चाकणचा गाड्यांचा उद्योग जर्मन, जपानी, भारतीय मोठ्या नावांवर चालतो असं आपण म्हणतो. त्याच्या असेंब्ली लाइनवर सकाळी सातला हजर होणाऱ्या प्रत्येक आईच्या मागे अशी एक काकू उभी असते. कंपनीच्या कुठल्याही हिशेबात ती सापडत नाही.

करून दाखवणारे नव्हते असंही नाही. १९६९मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ बांधकामांच्या साइटवर हेच काम करते. सिमेंट, सळया, खड्डे आणि हौद यांच्या मधोमध मुलं सुरक्षित ठेवता येतात, हे या मंडळींनी दाखवून दिलं आहे. तंबूत जमतं ते फ्लॅटमध्ये आणि फॅक्टरीत जमत नाही, हे मी कसं मानू?

कॅमेरा मूल उचलत नाही

ज्यांना परवडतं त्यांनी यातून एक वाट काढली आहे : महागडं डे-केअर. नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या बाळाला मारताना सीसीटीव्हीत दिसली आणि देशभर संताप झाला. तेव्हापासून पालकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. मारहाण पकडायला कॅमेरा उपयोगी आहे, वाद नाही. पण बुडणाऱ्या मुलासाठी कॅमेरा हा फक्त साक्षीदार आहे. मीटिंगमध्ये बसून मोबाइलवर पाहणारी आई चाकणहून तीन मिनिटांत मोशीला पोहोचत नाही.

शिवाय या चकचकीत ठिकाणी उन्हाळ्यात ‘स्प्लॅश डे’ असतो. गच्चीवर किंवा सोसायटीच्या लॉनवर फुगवायचा टब, त्यात दीड फूट पाणी, दहा-बारा मुलं, दोन ताया, त्यांतली एक फोटो काढण्यात गुंतलेली, कारण संध्याकाळी ग्रुपवर फोटो जायला हवेत. काही डे-केअर सोसायटीच्या क्लब हाउसमध्येच चालतात, पूलपासून वीस पावलांवर. पूलच्या एका बाजूला शोभेची झुडपं, दुसऱ्या बाजूला काचेचं दार, दिवसभर उघडं. ‘बेबी पूल’ दोनच फूट खोल आहे म्हणून सगळे निर्धास्त. दोन फूट म्हणजे सव्वा वर्षाच्या मुलाच्या छातीच्याही वर.

ऑस्ट्रेलियात घरगुती पूललासुद्धा कुंपण सक्तीचं आहे. १.२ मीटर उंच, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं फाटक. फ्रान्सनं २००३मध्ये खाजगी पूलसाठी सुरक्षेचा कायदा केला. या सगळ्यामागचा विचार एकच : माणसाचं लक्ष चुकणारच, म्हणून लक्ष चुकल्यावरही मूल पाण्यापर्यंत पोहोचू नये. आपण उलटं करतो. पाणी उघडं ठेवतो आणि बाईला सांगतो, लक्ष ठेव. मग लक्ष चुकलं की तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा. पूर्वी तो ३०४-अ होता, आता न्याय संहितेत १०६ आहे आणि शिक्षा वाढलेली आहे. कलम बदललं, झाकण अजून आलेलं नाही.

अळी दिसते, मूल दिसत नाही

मी मागते आहे ते फार नाही.

पावसाळ्यात महापालिकेच्या आरोग्य विभागाची माणसं आमच्या दारात येतात. घरात शिरतात, प्रत्येक पिंपात, प्रत्येक बादलीत बॅटरी मारून डेंगीच्या डासांच्या अळ्या शोधतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. अळ्या सापडल्या तर दंडही करतात. चांगलं काम आहे. पण विचार करा : या शहरात असा माणूस आधीच नेमलेला आहे जो घराघरातल्या पाण्यावर वाकून बघतो. त्याच्या कागदावर एक ओळ वाढवा. ‘घरात पाच वर्षांखालची मुलं आहेत का? पाण्याला घट्ट झाकण आहे का? मोरीच्या दाराला मुलांच्या हाताबाहेर कडी आहे का?’ झाकणानं डासही अडतो आणि मूलही. एकाच फेरीत दोन्ही कामं.

दुसरं, घरगुती पाळणाघरांची क्षेत्रीय कार्यालयात साधी नोंदणी. मी परवाना म्हणत नाही. परवाना म्हटलं की एजंट येतो, एजंट आला की हप्ता येतो आणि काकू घाबरून दार लावून घेते. नोंदणीच्या बदल्यात तिला काही मिळालं पाहिजे : झाकणं, कड्या, दाराला लावायचं छोटं फाटक आणि अग्निशमन दलाच्या लोकांकडून एका दिवसाचं प्रशिक्षण. बुडालेल्या मुलाला उलटं टांगायचं नसतं, पोट दाबायचं नसतं. तोंडानं श्वास द्यायचा, छातीवर दाब द्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. हे आमच्या विंगमध्ये कुणालाही येत नव्हतं, मलाही नाही.

तिसरं, एकट्या बाईकडे किती मुलं असावीत याची मर्यादा आणि त्या मर्यादेमुळे तिचं जे उत्पन्न बुडेल त्याची भरपाई. ती देण्याची ऐपत ज्यांची आहे त्यांचे बोर्ड चाकण चौकातून दिसतात. जी कंपनी स्वतः पाळणाघर चालवत नाही तिनं आपल्या कामगार बायकांच्या काकूंसाठी दुसऱ्या मदतनीस बाईचा पगार द्यावा. ‘पाळणा’ या नावाची केंद्राची योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची. कारखान्यांच्या गावांत ती शिफ्टच्या वेळा धरून चालवा. दुपारी मिटणाऱ्या अंगणवाडीचा सेकंड शिफ्टच्या आईला काय उपयोग?

आणि सोसायट्यांनी पूलला चारी बाजूंनी कुंपण घालावं. गणपतीत मांडवाला जेवढी वर्गणी जमते तेवढ्यात ते होईल. ज्या ग्रुपवर मला अकरा अंगठे मिळाले, त्यांनी सुरुवात करावी.

काकू

मी काकूंची माफी मागितली. लगेच नाही, आठवड्यानं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. नंतर म्हणाल्या, “मी रात्री उठून मोरी बघते गं. घरात एकही पोर नसतं, तरी बघते.”

त्या रविवारी आम्ही पाच आया आणि दोन बाबा त्यांच्या घरी जमलो. मोरीच्या दाराला वर कडी ठोकली. पिंपाला आवळून बसणारं झाकण आणलं. रंगाच्या बादल्या सगळ्या बाहेर काढल्या, पसरट टब घेतला, आणि ठरवलं की मुलं असताना तो उपडाच राहील. पाण्याच्या दिवशी सात ते बारा आमच्यापैकी जिची सेकंड शिफ्ट असेल ती काकूंकडे बसेल. वर्गणी काढून हे सगळं झालं. नळाला पाणी होतं तोवरच उरकलं.

हे सांगायला मला बरं वाटतं आणि तितकाच रागही येतो. कारण आम्ही सात जणांनी सात मुलांपुरतं केलं. नाणेकरवाडीतल्या त्या रांगेत कडी ठोकायला कुणाचा रविवार मोकळा असतो? तिथे आठवड्याची सुट्टी वीज नसेल त्या दिवशी, म्हणजे बहुधा गुरुवारी असते आणि नवऱ्याची-बायकोची एका दिवशी येईलच असं नाही.

माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. पाणी बघितलं की अजून धावत जाते. जाऊ दे, मुलांनी पाण्याकडे धावावंच. पुढच्या वर्षी तिला पोहायला घालणार आहे. तोवर तिच्या आणि पाण्याच्या मध्ये काहीतरी असायला हवं आणि ते दर वेळी एका थकलेल्या बाईचे डोळेच का असावेत, हा माझा प्रश्न आहे. महापालिकेला आहे, चाकणच्या कंपन्यांना आहे, आमच्या ग्रुपला आहे.

आणि वर्तमानपत्रांना एक विनंती. पुढची बातमी येईल तेव्हा ‘खेळता खेळता’ लिहू नका. लिहा : ‘दिवसाआड पाणी येतं म्हणून भरून ठेवलेल्या, झाकण नसलेल्या पिंपात’. ओळ लांब होईल. होऊ द्या.